फोर-व्हील जीपचे स्टिअरिंग मजबूत करताना घ्यावयाची काळजी

कोकणातील आंबा-काजूच्या बागा, घाटमाथ्यावरील भातखाचरे आणि मावळातील डोंगरउतारावरील शेती अशा ठिकाणी खताची पोती, कलमे, फळांच्या पेट्या यांची ने-आण करण्यासाठी फोर-व्हील जीप अनेक वर्षांपासून वापरात आहे. जांभ्या दगडाची वाट, ओढ्यातील गोटे आणि खोल चाकोऱ्या यांचा पहिला मार पुढील चाकांना बसतो व तेथून तो स्टिअरिंगच्या दांड्यांवर जातो. दांडी वाकली की ती ठोकून सरळ करावयाची आणि वरून सळई किंवा अँगल वेल्डिंग करून घ्यावयाचा, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते. यामुळे दांडी दिसावयास भक्कम होते, परंतु धोका कमी होतोच असे नाही. ब्रेक कमी पडला तर गिअर व हँडब्रेकचा आधार असतो. घाटात स्टिअरिंगचा सांधा निसटला तर चालकाच्या हाती काहीच राहत नाही. म्हणून मजबुतीचे काम कोणत्या क्रमाने करावे हे समजून घेणे आवश्यक आहे.

स्टिअरिंगची रचना

स्टिअरिंग फिरविल्यावर चासीला बोल्टने बसविलेल्या स्टिअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ही हालचाल पुढे नेते. दोन्ही चाके एकाच वेळी वळावीत म्हणून ती टायरॉडने जोडलेली असतात. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये ड्रॅग लिंक व टायरॉड यांच्या मध्ये चासीवर बेल क्रँक असतो. प्रत्येक दांडीच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, त्यालाच टायरॉड एंड म्हणतात. चाक ज्या नकलवर बसते तो नकल किंगपिनवर फिरतो.

दगडाचा धक्का याच साखळीतून उलट दिशेने, चाकाकडून बॉक्सकडे येतो. मधला एक भाग जाड केला म्हणून धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागावर जातो. टायरॉड फार भक्कम केली तर नकलचा आर्म किंवा बॉक्सच्या बैठकीजवळची चासी तडकण्याची शक्यता वाढते. टायरॉड वाकली तर गाडी एका बाजूला ओढू लागते, चालकाला ते समजते आणि गाडी सावकाश घरी आणता येते. आर्म मात्र पूर्वसूचना न देता तुटतो. म्हणून दांडी पुरेशी मजबूत असावी, परंतु बॉक्सची बैठक आणि आर्म यांच्यापेक्षा वरचढ नसावी.

प्रथम ढिलाई शोधावी

सांध्यात प्ले असेल तर प्रत्येक खड्ड्यात दांडी सांध्यावर हातोड्यासारखी आपटते. अशा गाडीला नवीन जाड दांडी बसविणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. तपासणी पुढीलप्रमाणे करावी.

१) गाडी सपाट जमिनीवर उभी करून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून कोणता सांधा आधी हलतो व पुढची दांडी मागाहून हलते ते पाहावे.

२) पुढील चाक जॅकवर उचलून अॅक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा. चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. राहिली तर किंगपिनमध्ये असतो.

३) चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलविल्यास टायरॉड एंडची ढिलाई समजते.

४) बॉक्सचे बोल्ट व त्याभोवतीची चासी घासून स्वच्छ करावी. गंजाची बारीक रेघ दिसली तर ती बहुधा चीर असते.

बॉक्सवरील स्क्रू आवळून प्ले काढण्याचा मोह टाळावा. हा स्क्रू चाके सरळ असतानाच आणि पुस्तिकेप्रमाणे आवळावा. जास्त आवळल्यास स्टिअरिंग जड होते व आतील भाग लवकर झिजतात.

दांडी निवडताना

वाकलेली दांडी ठोकून सरळ केली तरी त्या जागी ती कमकुवत राहते. म्हणून ती बदलणेच योग्य. भरीव सळई पोकळ पाइपपेक्षा मजबूत असते हा समज सर्वस्वी खरा नाही. उदाहरणार्थ, २५ मि.मी. जाडीची भरीव सळई आणि बाहेरून ३२ मि.मी. व आतून २० मि.मी. व्यासाचा पाइप यांचे वजन जवळजवळ सारखेच भरते. मात्र वाकण्यास हा पाइप सळईच्या सुमारे सव्वादोन पट विरोध करतो. पोकळ बांबू वजनाच्या मानाने ताठ असतो, त्याचेही कारण हेच. पाण्याचा जी. आय. पाइप मात्र या कामास वापरू नये. जाड भिंतीचा सीमलेस पाइप घ्यावा आणि त्यातच लेथवर आटे पाडून घ्यावेत. एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. टायरॉड एंडचे आटे त्याच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबीपर्यंत आत गेलेले असावेत.

टायरॉड एंड नामांकित बनावटीचा घ्यावा व त्याचा टेपर आर्मच्या छिद्रात पूर्ण बसतो याची खात्री करावी. कॅसल नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळावा, कधीही सैल करू नये. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन वापरावी. शेवटी टो-इन तपासून घ्यावा, अन्यथा टायर एका कडेने झिजतात.

वेल्डिंग कोठे करू नये

ड्रॉप आर्म, नकलचा आर्म आणि बॉल जॉइंट हे भाग घडीव पोलादाचे असून त्यांना उष्णतेची विशेष प्रक्रिया दिलेली असते. वेल्डिंगमुळे त्या जागेची ही प्रक्रिया निघून जाते आणि लगतचा भाग कडक व ठिसूळ बनतो. वरून सांधा गुळगुळीत दिसला तरी एखाद्या धक्क्यात तो काचेसारखा तुटू शकतो. हे भाग तडकल्यास बदलावेत. चासीची चीर मात्र जाणकार कारागिराकडून भरून घेता येते. चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवावी व नंतर भरावी. बॉक्सच्या बैठकीवर पट्टी लावताना ती लांब असावी व तिची टोके तिरकी कापलेली असावीत, म्हणजे जोर एका जागी न येता पसरतो. बोल्ट डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले हाय टेन्साईल वापरावेत.

जोर कमी करणारे उपाय

मोठे व बाहेर आलेले टायर, तसेच चाकाला लावलेले स्पेसर यांमुळे सर्व सांध्यांवरील ताण वाढतो. पाटे वाढवून गाडी उंच केल्यास ड्रॅग लिंक तिरकी होते व प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंगला हिसका बसतो. स्टिअरिंग डँपरमुळे थरथर कमी होते, परंतु झिजलेल्या सांध्याचा तो इलाज नव्हे. चिखल संपून डांबरी रस्ता लागताच फोर-व्हीलचा दांडा काढावा. चाक दगडात अडकले असता स्टिअरिंगवर जोर न करता गाडी थोडी मागे घ्यावी. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत हे अधिक महत्त्वाचे, कारण तेथे अडथळा हाताला जाणवत नाही.

ओढ्यातून गाडी गेल्यानंतर निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन ग्रीस भरावे. निपल नसलेल्या जॉइंटचे रबर फाटल्यास तो बदलावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश, मृगाच्या आधी अवजारांची दुरुस्ती करतो त्याच वेळी जीपची ही तपासणी उरकावी. आधी ढिलाई काढावी, मग बॉक्सची बैठक पक्की करावी आणि शेवटी दांडीकडे वळावे. हा क्रम पाळल्यास खर्च कमी होतो आणि घाटात गाडी चालकाच्या ताब्यात राहते.