थंड पाण्यातला लाल चहा

चैत्रात नागपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मृग बहाराची शेवटची संत्री अजून बाजारात असतात आणि हिवाळ्यात वाळवलेली लाल अंबाडीची बोंडं डब्यात असतात. विदर्भातल्या या दोन्ही चिजा एका पेल्यात आणल्या, की उन्हाळ्यासाठी याहून चांगला गार चहा शोधायची गरज उरत नाही. मात्र घरी करून पाहणाऱ्यांच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, रंग विटका आला. दुसरी, संत्र्याचा रस घातल्यावर थोड्या वेळाने सगळंच कडू झालं. दोन्हींमागे रसायनशास्त्र आहे, आणि ते कळलं की चुलीचं काम फार थोडं उरतं.

आधी अंबाडी. आपण ज्याला फूल किंवा बोंड म्हणतो, तो खरं तर फुलाखालचा जाड, रसदार निदलपुंज. पाकळ्या गळून गेल्यावर तो फुगतो, लाल होतो आणि आतल्या बीजकोशाला वेढून राहतो. शास्त्रीय नाव हिबिस्कस सब्दारिफा, म्हणजे जास्वंदीच्याच कुळातली वनस्पती. इजिप्त आणि सुदानमध्ये हिच्याच पेयाला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप. मेक्सिकोतही हे लाल पेय घरोघरी होतं. शहरातल्या दुकानांत 'हिबिस्कस टी' नावाची जी महागडी पाकिटं दिसतात, त्यांतही हीच बोंडं असतात. आपल्या आठवडी बाजारात ती मिळत असताना पाकिटाकडे वळायचं कारण मला दिसत नाही.

लाल रंग येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे. ती पाण्यात सहज विरघळतात, थंड पाण्यातसुद्धा. फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून एक लिटर पाण्यात पंधरा-वीस ग्रॅम वाळलेली बोंडं टाकून भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवल्याने फार बिघडत नाही, पण अर्धा तास खळखळ उकळलं तर रंगद्रव्याचे रेणू तुटू लागतात आणि लाल रंग तपकिरीकडे झुकतो.

विटक्या रंगाचं दुसरं कारण पाण्यात असतं. अँथोसायनिनचा रंग आम्लतेवर ठरतो. अंबाडीचा अर्क स्वतःच चांगला आंबट, त्याचा पीएच तीनच्या आसपास. तिथे रंग माणकासारखा लाल राहतो. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट क्षार असतात. ते आम्ल मारतात आणि रंग मळकट जांभळा होतो. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे हा: काचेच्या वाटीत दोन चमचे अर्क घ्या आणि चिमटीभर खायचा सोडा टाका. फेस येतो, तो बसेपर्यंत लाल रंग आधी जांभळा, मग निळसर-हिरवा होतो. लगेच लिंबू पिळलं तर पुन्हा लाल. मात्र जास्त वेळ तसाच ठेवला, तर क्षारात रंगद्रव्य मोडतं आणि लाली पूर्णपणे परत येत नाही. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं असावं. लोखंड आणि अॅल्युमिनियमशी हे रंगद्रव्य जोडलं जाऊन निळसर छटा धरतं; शिवाय आम्लामुळे धातूही पेयात उतरतो.

आता संत्रं. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं सोलायला सोपं, खायला गोड, पण त्याचा रस टिकवायचा म्हटलं की सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. फोड खाताना गोड लागते आणि त्याच फळाचा रस दोन-चार तासांनी कडवट होतो, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. दोष फळाचा नसतो. फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक बिनकडू पदार्थ असतो. अख्ख्या फळात तो रसातल्या आम्लापासून वेगळा राहतो. आपण संत्रं पिळलं की पेशी फुटतात, त्याची आम्लाशी गाठ पडते आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन इतकं कडू, की रसात दहा लाखांत सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, म्हणून रस निर्जंतुक करायला तापवला की कडवटपणा वाढतो. नागपुरी संत्र्याच्या प्रक्रिया उद्योगाची ही फार जुनी डोकेदुखी आहे. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत बिनबियांच्या संत्र्यावर काम झालं आहे; बी नसेल तर रसात उतरणारा कडवट पदार्थही तितका कमी.

घरच्या पेल्यासाठी उपाय सोपा आहे. संत्रं अगदी शेवटी, प्यायच्या वेळी पिळायचं, आणि बिया काढून हलक्या हाताने. मिक्सरमध्ये फोडी फिरवल्या, तर पापुद्रे आणि बिया भरडल्या जातात. ते करूच नये. चिमूटभर सैंधव घातलं तर उरलासुरला कडवटपणा दबतो, कारण मीठ जिभेवर कडू चव झाकतं. सालीचा एक तुकडाही फेकू नका. बाहेरची नारिंगी बाजू पेल्यावर धरून तो दुमडला की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि बारीक तुषार उडतो. त्या तेलाचा फार मोठा वाटा लिमोनीन या सुगंधी द्रव्याचा असतो. कडू लिमोनिनशी त्याचा संबंध नाही, नावं मात्र घोटाळ्यात टाकतात.

चहा करताना चूल लागते ती फक्त वासासाठी घालायच्या गवती चहापुरती. त्याच्या वासाचं मुख्य द्रव्य सिट्रल तेलकट असतं आणि थंड पाण्यात नीट उतरत नाही. वाटीभर उकळत्या पाण्यात चार-पाच पाती कात्रीने कापून टाकावीत, लगेच झाकण ठेवावं, पाच मिनिटांनी गाळावं. झाकण नसेल तर वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. त्याच गरम पाण्यात साखर किंवा गूळ विरघळवून घ्यावा. थंड पाण्यात साखर तळाशी बसते. गार पेयात गोडी कमी जाणवते, हेही लक्षात ठेवा. गोड चवीचा संदेश देणारी जिभेतली वाहिनी थंडीत मंदावते. कोमट असताना चाखून साखर ठरवली, तर बर्फ घातल्यावर चहा पचपचीत लागतो.

बर्फाचा हिशोब तर प्रत्येकाने एकदा करून बघावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, आणि ते पाणी पाच अंशांवर येईपर्यंत आणखी पाच. ८५ अंशांचा २०० ग्रॅम चहा पाच अंशांवर आणायचा, तर १६ हजार कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे जवळजवळ १९० ग्रॅम बर्फ. चहात तितकंच पाणी मिसळलं, चव निम्मी झाली. तोच अर्क २५ अंशांवर असेल तर ४७ ग्रॅम बर्फ पुरतो.

२५ अंशांसाठी फ्रिजही लागत नाही, माठ पुरतो. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होताना आपल्यासोबत उष्णता नेतं. बाहेर ४२ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर या मार्गाने पाणी सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात दोन-तीन अंश वर राहतं. मुंबईच्या दमट हवेत माठ असा चालत नाही. कोरड्या हवेत कूलरला आणि माठाला जे यश मिळतं, ते नागपूरकरांनी या चहासाठी वापरावं. मात्र अंबाडी माठात भिजवू नये: आम्ल मातीत मुरतं आणि छिद्रं बुजतात. माठातलं गार पाणी काढून त्यात फ्रिजमधला घट्ट अर्क मिसळावा. पाणी आधी उकळून गार केलेलं असावं, आणि बर्फही घरीच त्याच पाण्याचा करावा. रस्त्यावरच्या लादीचं पाणी कुठलं, याची खात्री देता येत नाही.

औषधी गुणांबद्दल बोलायचं तर, अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रोज तीन कप अंबाडीचा चहा सहा आठवडे घेतलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. चाचणीत ६५ जण होते, तेव्हा निष्कर्ष जपूनच घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच रोजचा पेला ठरवावा.

अर्क गाळल्यावर उरलेली बोंडं फेकू नयेत. त्यांत आंबटपणा बराच शिल्लक असतो. लसूण, लाल तिखट आणि गूळ घालून ती वाटली, की भाकरीसोबत खायची चटणी तयार होते.