चार अक्षरांत लपलेली मैफल

मामाचा आयपॉड क्लासिक कपाटातून निघाला तो जुन्या रुमालात गुंडाळलेला. आत १६० जीबीची हार्ड डिस्क आणि तिच्यात आमच्या गच्चीवरच्या मैफली. मामाने त्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि तिथून आयपॉडमध्ये भरल्या. पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला, कॅसेटना बुरशी लागली. उरली ही एकच प्रत. यूट्यूबवर हवं ते गाणं मिळेल, पण आमची गच्ची मिळणार नाही. तुमच्याही घरात असा जुना प्लेअर पडून असेल, तर केबल शोधायला लागा. शोधता शोधता या गमती वाचा, दोन-तीन नक्की उपयोगी पडतील.

लॅपटॉपला जोडल्यावर आयपॉड पेन ड्राइव्हसारखा उघडतो, पण गाणी दिसतच नाहीत! घाबरू नका, ती लपवलेल्या फोल्डरमध्ये आहेत. विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याच्या पर्यायावर टिक केली, की आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर उगवतो. त्यात म्युझिक, आणि त्यात एफ००, एफ०१, एफ०२ अशी फोल्डरांची रांग. प्रत्येक गाण्याचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं, अर्थ काहीच नाही. कुठलं गाणं कुठे ठेवलंय, याची वही आयपॉड वेगळ्या फायलीत ठेवतो. आयपॉड विंडोजवर तयार केलेला असेल तरच हे सरळ जमतं. मॅकवर तयार केलेला असेल, तर विंडोजला तो वाचता येत नाही, त्यासाठी मॅकच गाठा.

आयपॉड पेन ड्राइव्हसारखा उघडतच नसेल, तर क्लिक व्हीलवाल्या आयपॉडवर मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. सफरचंद दिसलं की लगेच मधलं आणि प्ले धरा. याला म्हणतात डिस्क मोड.

एक बटण मात्र चुकूनही दाबू नका: इरेज अँड सिंक. आयपॉडची नाळ एकाच कॉम्प्युटरच्या गाण्यांच्या संग्रहाशी जोडलेली असते. नव्या कॉम्प्युटरला लावलात की गाणी भरणारा आयट्यून्स प्रोग्राम अदबीने विचारतो, आधीचं पुसून इथलं भरू का? ‘हो’ म्हणालात की सगळं साफ. गाणी जायची ती कॉम्प्युटरमधून आयपॉडमध्ये, उलटी वाट सुरुवातीला ठेवलेलीच नव्हती, कारण एकाची गाणी दहा जणांकडे पोचू नयेत. विंडोजवर केबल लावताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरलं, तर आपोआप होणारं सिंक थांबतं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा, ‘खिशात हजार गाणी’ म्हणत. आत तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती. एवढीशी डिस्क सतत फिरली तर बॅटरी किती टिकणार? म्हणून ती थोडा वेळ फिरायची, पुढच्या वीसेक मिनिटांची गाणी ३२ एमबीच्या मेमरीत ओतायची आणि झोपी जायची. म्हणजे गाणी ऐकताना डिस्कला विश्रांतीच विश्रांती. आणि कॉपी करताना? तासन् तास एकसारखी धाव. म्हाताऱ्या डिस्कला दम तिथेच लागतो. टकटक ऐकू आली की थांबा, निवू द्या. एका वेळी एकच फोल्डर कॉपी करा, एफ०० झाला की एफ०१. आणि पाठ किंवा पडदा फुगलेला दिसला, तर चार्जिंग बंद. ती बॅटरी फुगलेली असते, जाणकाराकडेच द्या.

चार अक्षरांच्या फायलीला तिचं खरं नाव कसं मिळायचं? ते तिच्या पोटातच, टॅग नावाच्या नोंदीत असतं. एमपीथ्रीच्या टॅगची पहिली पद्धत १९९६ ची: फायलीच्या शेवटी १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला ३०, गायकालाही ३०. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. या हिशेबाने ‘सुधीर फडके’ २८ बाइटांत बसतात. ‘भीमसेन जोशी’ मात्र ३१, एका बाइटाने बाहेर! नंतरच्या पद्धतीत ही अडचण राहिली नाही. त्या पहिल्या टॅगमध्ये संगीतप्रकारांची ८० नावांची ठरलेली यादीही होती. तीत पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे. भावगीत, नाट्यसंगीत, अभंग यांपैकी एकही नाही. टॅग शाबूत असतील तर एमपीथ्रीटॅगसारखा फुकट प्रोग्राम शेकडो फायलींना मिनिटांत नावं देतो.

जाता जाता मायक्रोसॉफ्टच्या झून या प्लेअरची गंमत. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचे झून जगभर एकदम गोठले! ते लीप वर्ष होतं आणि वर्षाचा ३६६ वा दिवस मोजताना घड्याळाचा प्रोग्राम गोल गोल फिरत बसला. उपाय सुचवला गेला तो असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या, आणि नव्या वर्षात परत चालू करा. गाणी जशीच्या तशी होती.

आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, आयपॉड टच २०२२ मध्ये. हौशी लोक क्लासिकची हार्ड डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवतात आणि तो पुन्हा वापरात आणतात. आमचाही तसा करून घ्यायचा आहे, पण आधी दोन प्रती: एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी बहिणीकडे.

मामाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायलींना टॅग नव्हतेच. अशा ४१ निघाल्या. दोन संध्याकाळी मामीला शेजारी बसवलं आणि एकेक लावत गेलो. एफ१७ मधली एक लावली, तानपुरा सुरू झाला, मागून भांड्यावर चमचा वाजला. ‘थांब,’ मामी म्हणाली, ‘हे दूध मी ढवळतेय.’ फायलीचं नाव आता ‘कोजागरी, गच्ची’ असं आहे.