गहू सोसत नाही, म्हणजे नेमके काय?

पोळी खाल्ली की पोट फुगते, अंग जड होते, दिवसभर मरगळ राहते, ही तक्रार हल्ली पालकांकडून आमच्या कानी येते. म्हणून थोडी माहिती.

गव्हात ग्लूटेन हे चिवट प्रथिन असते. आपल्या खानदेशी घरांत पुरणाचा मांडा हातांवर फिरवत खापराएवढा होतो तरी फाटत नाही, तो त्याच्याच जोरावर. ज्वारी-बाजरीत ते नसते, म्हणून भाकरी थापावी लागते.

गव्हाचा त्रास तीन तऱ्हेचा असतो. अ‍ॅलर्जीत थोड्याच वेळात पुरळ उठते किंवा धाप लागते. सीलियाक या आजारात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचे मखमलीसारखे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, मुलाची उंची-वजन अडते. उत्तर भारतात सुमारे 100 माणसांत एकाला हा आजार असल्याचे पाहणीत आढळले आहे.

तिसरी तऱ्हा मोठी चमत्कारिक. दोन्ही तपासण्या स्वच्छ, तरी त्रास आहेच! अशांना 'तुमच्या मनाचे खेळ' असे सांगून वाटेला लावत. 2016 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा 80 जणांचे रक्त तपासले. आतड्याच्या पेशींना इजा झाल्याच्या खुणा त्यात सापडल्या. शिवाय आतड्यातील जंतूंचे अंश भिंत ओलांडून रक्तात शिरत असावेत आणि शरीराची पहिली पहारेकरी फळी सर्वांगात जागी झाली असावी, असेही दिसले. सीलियाकच्या रुग्णांत ही सर्वांगाची जाग तशी आढळली नाही. काहींनी सहा महिने गहू सोडला, तेव्हा या खुणा ओसरल्या आणि त्रासही कमी झाला.

तरी सगळा दोष ग्लूटेनचाच, असे म्हणता येत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील प्रयोगात 59 जणांना काय खातो आहोत हे न कळू देता खाऊ दिला. ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टान या साखरेच्या साखळीने त्यांना जास्त त्रास झाला. फ्रुक्टान कांद्या-लसणातही असते. तेव्हा शेवभाजीचा रस्सा मोकळा सुटतो आणि शिक्षा बिचाऱ्या पोळीला, असेही होत असेल!

या तिसऱ्या प्रकारासाठी अजून एकही खात्रीची तपासणी नाही. आधी अ‍ॅलर्जी आणि सीलियाक नाहीत हे पाहतात, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू बंद करून पुन्हा सुरू करून पाहतात. पालकांनी घरीच आधी गहू बंद करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गहू सुटला की सीलियाकच्या रक्ततपासणीत दिसणारी प्रतिद्रव्ये हळूहळू कमी होतात. अहवाल स्वच्छ येतो आणि मुलाचा आजार तसाच राहून जातो.

सीलियाक ठरलाच, तर गहू जन्मभर बंद. त्यात रवा, मैदा, शेवया, बट्टी, पाव, खारी हे सारे आले. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, डबीवर वाचून घ्यावे. गव्हामागून त्याच चक्कीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरते आणि अशा मुलाला तेवढेही बाधते. त्याची ज्वारी घरघंटीवर, गव्हाचा हात न लागलेल्या जात्यात दळावी.