बर्फावरची सुट्टी आणि हंगामी माणूस

दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावात, भर वैशाखात, आल्प्स पर्वतातील बर्फावर घसरण्याच्या सहलींविषयी बोलावयाचे, हे ऐकून आमच्या एका स्नेह्याने विचारले, "प्रकृती बरी आहे ना?" प्रश्न रास्त होता. स्की म्हणजे बुटाला अडकवावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. त्या घालून माणसे डोंगराच्या उतारावरून वाऱ्यासारखी खाली येतात आणि दोरावरच्या पाळण्यात बसून पुन्हा वर जातात. आम्ही हे केवळ पाहून-वाचून जाणतो. साखर कारखान्यातील हंगामी कामगारांचे काम करीत असता, जगात इतरत्र हंगामावर जगणारी माणसे कशी राहतात हे शोधता शोधता आम्ही या बर्फाच्या गावांत जाऊन पोचलो; अर्थात पुस्तकांच्या वाटेने. शिवाय आपल्याकडचीही पुष्कळ मंडळी आता उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन टिटलिसच्या बर्फात हात घालून येतात. तेव्हा विषय वाटतो तितका परका राहिलेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही श्रीमंतांची चैन आहे, बुडाली तर बुडू द्या, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. १८९५ साली व्हिएन्ना शहरात गेओर्ग श्मीडल हा शिक्षक, आलोईस रोरावर हा लोहार आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी, जो पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, अशा तिघांनी मिळून 'निसर्गमित्र' नावाची कामगारांची संस्था उभी केली. कारखान्याच्या धुरात आठवडा घालविणाऱ्या माणसाला रविवारी डोंगर पाहता यावा एवढाच हेतू. या मंडळींनी डोंगरांत आपल्या श्रमाने विश्रामगृहे बांधली. १९३४ साली ऑस्ट्रियात संस्थेवर बंदी आली तेव्हा ती जप्त झाली, आणि युद्धानंतर संस्था पुन्हा उभी राहिली. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपानंतर कामगारांस वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९५६ साली तिसरा आठवडा मिळाला. १९५३ पासून तेथे शाळेची पोरे अख्ख्या वर्गासह, मास्तरांसह बर्फात नेण्याची प्रथा सुरू झाली. सुट्टी ही लढून मिळविलेली वस्तू आहे. ती टाकून द्या असे सांगणारा आमच्या मते कामगारांचा मित्र नव्हे. ती अशा रीतीने घ्यावी, की ज्या डोंगरावर आणि ज्यांच्या हातांवर ती उभी आहे ते टिकून राहतील, एवढेच मागणे आहे.

१९६४ च्या सुमारास फ्रेंच सरकारने 'बर्फ योजना' आखली आणि उंच डोंगरांवर, जेथे पूर्वी गुरे चरत, तेथे एकदम नवी गावेच्या गावे उठविली. हजारो खाटांच्या इमारती, दारातून निघून थेट उतारावर. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी वालुईझ येथील भाषणात या धोरणाला आवर घातला. परंतु तोवर जे बांधले गेले ते बांधले गेले, आणि त्या इमारती भरावयाच्या तर दरवर्षी, ठरल्या तारखेला, बर्फ पाहिजे.

अडचण येथेच आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आल्प्समधील तपमान सुमारे दोन अंशांनी चढले आहे. पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. दोन हजार मीटरांच्या खाली बर्फ जमिनीवर टिकण्याचा काळ पन्नास वर्षांत तीन ते पाच आठवड्यांनी आखडला. २०२३ साली युरोपातील २,२३४ स्की-स्थळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्णता दोन अंशांनी वाढली तर यांतील ५३ टक्के स्थळांना बर्फाच्या टंचाईचा अतितीव्र धोका राहील आणि चार अंशांनी वाढली तर ९८ टक्क्यांना, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडेही तीच हवा वाहते. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ नाही म्हणून हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

यावर धंद्याने काढलेला तोडगा म्हणजे यंत्राचा बर्फ. उताराच्या कडेने तोफांसारखी यंत्रे उभी असतात. त्यांतून दाबाच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि हवा पुरेशी थंड व कोरडी असली तर ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. शून्याच्या खाली दोन-तीन अंश असल्याखेरीज हे जमत नाही. म्हणजे रोग जसजसा बळावतो तसतसे हे औषध लागू पडेनासे होते. इटलीत सुमारे नव्वद टक्के उतारांवर आणि ऑस्ट्रियात सुमारे सत्तर टक्के उतारांवर ही सोय आहे.

पाण्याचा हिशेब आपल्या भाषेत मांडू. एक घनमीटर पाण्याचा दोन ते अडीच घनमीटर बर्फ होतो. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, उतारावर फूटभर थर द्यावयाचा तर बारा ते पंधरा लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वाशे-दीडशे टँकर झाले, तेही केवळ अडीच एकरांना आणि एका थराला. हे पाणी वाया जाते असे म्हणणे मात्र बरोबर नाही. त्यातला काही भाग उडून जातो. बाकीचे वसंतात वितळून ओढ्याला मिळते. खरे दुखणे आहे ते वेळेचे. हिवाळ्यात डोंगरातले ओढे सर्वांत क्षीण असतात, कारण पाणी बर्फ होऊन वर अडकलेले असते, आणि नेमके त्याच दिवसांत गावात पाहुण्यांची गर्दी असते. म्हणून मग वर तळी खोदावयाची. फ्रान्समधील ला क्लुझाझ या गावाने १,४८,००० घनमीटरचे असे एक तळे बोरगार पठारावर रानात खोदण्याचे ठरविले. तरुण मंडळींनी रानात तळ ठोकला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ग्रेनोबलच्या न्यायालयाने परवानगीला स्थगिती दिली. तळ्याच्या बाजूने बोलणारे गावकरी काही दुष्ट नव्हते. पिण्याच्या पाण्याचीही सोय होईल, पोरांना गावातच रोजगार राहील, असे ते म्हणत. धरणाच्या प्रत्येक वादात ही दोन्ही बोलणी आपण ऐकलेली आहेत.

एवढे सांगितल्यावर कोणालाही वाटेल की सर्वांत मोठा अपराधी ती तोफ किंवा दिवसभर फिरणारा पाळणा. हिशेब तसा लागत नाही. २०१० च्या सुमारास फ्रान्समधील काही स्की-गावांचा कर्बवायूचा ताळेबंद मांडण्यात आला, तेव्हा निम्म्याहून अधिक वाटा केवळ माणसांच्या येण्याजाण्याचा निघाला. त्याखालोखाल घरे ऊबदार ठेवण्याचा. पाळणे आणि उतार सपाट करणारी यंत्रे यांचा वाटा दोन-चार टक्क्यांचा. तेव्हा 'टॉवेल रोज धुवावयास टाकू नका, पृथ्वी वाचवा' अशी चिठ्ठी न्हाणीघरात लावणारे हॉटेल फार मोठे पुण्य जोडीत नाही; विमानाने दोन दिवसांपुरता आलेला पाहुणा टॉवेल आठवडाभर वापरूनही ती भर काढू शकत नाही. जबाबदारीने जावयाचे म्हणजे आधी आगगाडीने जावयाचे, आणि थोड्या वेळा पण अधिक दिवस जावयाचे.

हे काही अशक्य नाही. स्वित्झर्लंडमधील झरमॅट गावात पेट्रोलच्या मोटारींस मज्जाव आहे. पाहुण्याने मोटार पाच किलोमीटर खाली टेश येथे ठेवावयाची आणि आगगाडीने वर यावयाचे. फ्रान्समध्ये बूर-सँ-मोरीस स्थानकात शीघ्रगती गाडी येते, आणि तेथूनच रुळांवरचा पाळणा सात-आठ मिनिटांत माणसांना लेझार्कच्या पहिल्या वस्तीत नेऊन सोडतो. ऑस्ट्रियातील वर्फनवेंग या लहानशा गावाने तर मोटारीवाचून राहणाऱ्या पाहुण्यास गावातील वाहने जवळजवळ मोफत करून दिली.

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण पर्यावरणाच्या पुस्तकांत ती क्वचितच सापडते. या गावांत घरे भाड्याने देण्याची जुनी रीत 'शनिवार ते शनिवार' अशी आहे. म्हणजे अख्खे खोरे एकाच दिवशी रिकामे व्हावयाचे आणि त्याच दिवशी भरावयाचे. रस्त्यावर मैलोगणती मोटारींची रांग, गाड्यांत जागा नाही. आणि सकाळी दहाला पाहुणा निघाला की चार-पाचपर्यंत शेकडो खोल्या झाडून-पुसून, चादरी बदलून तयार करावयाच्या. हे काम बहुधा बायकांचे. ज्या धुराने दरी भरते आणि ज्या धावपळीने त्या बाईची कंबर मोडते, त्या दोहोंचे मूळ एकच आहे. भाड्याचा आठवडा निरनिराळ्या वारी सुरू केला तर दोघांचाही भार हलका होतो, आणि त्याला यंत्र लागत नाही की तळे लागत नाही.

आता त्या बाईविषयीच बोलू. स्वित्झर्लंडने १९३४ पासून २००२ पर्यंत हंगामी परदेशी कामगारांसाठी एक निराळा परवाना ठेवला होता. इटलीचा, स्पेनचा, पोर्तुगालचा, युगोस्लाव्हियाचा माणूस नऊ महिने यावा, हॉटेलात, शेतावर, बांधकामावर राबावा, आणि परत जावा. बायकामुलांस आणण्याची बंदी. ज्यांच्याने राहवले नाही त्यांनी मुले चोरून आणली. ती दिवसभर खोलीत कोंडलेली, आवाज न करता, शेजाऱ्याची चाहूल लागली की कपाटात लपत. अशी मुले हजारांनी होती. त्यांपैकी काही आज वृद्धत्वाकडे झुकली असून आता कोठे त्याविषयी बोलू लागली आहेत.

तो कायदा गेला, परंतु घराचा प्रश्न गेला नाही. शहरी श्रीमंतांनी घेतलेली घरे वर्षातून तीन-चार आठवडे उघडतात. फ्रेंच लोक त्यांना 'थंड खाटा' म्हणतात. त्यांच्यामुळे भाडी अशी चढतात की वाढप्याला, पाळण्यावरच्या माणसाला, शिक्षिकेलाही गावात खोली परवडत नाही. कित्येक हंगामी कामगार उणे दहा अंशांत मोटारगाडीत झोपतात. स्विस मतदारांनी २०१२ च्या मार्चमध्ये ५०.६ टक्के मतांनी ठरविले की कोणत्याही गावात अशी दुय्यम घरे विसांत चारांहून अधिक नसावीत. फ्रान्सने २०१६ च्या डिसेंबरात पर्यटनाच्या गावांवर हंगामी कामगारांच्या निवाऱ्याचा करार करण्याचे बंधन घातले. बंधन कागदावरून भिंतीपर्यंत यावयास किती वेळ लागतो, हे चाळीत राहिलेल्यांस सांगावयास नको.

आणि हंगाम संपल्यावर? फ्रान्समध्ये चार महिने काम केले की बेकारी भत्त्याचा हक्क मिळे. २०१९ च्या सुधारणेने ती मुदत सहा महिन्यांवर नेली. बर्फाचा हंगाम मुळात चार-साडेचार महिन्यांचा, तोही आटत चाललेला! २०२३ च्या आरंभी पाळण्यांवरच्या कामगारांच्या संघटनांनी निवृत्तिवेतनाबरोबर याही प्रश्नावर संपाची हाक दिली. २०२५ च्या एप्रिलपासून हंगामी कामगारांसाठी मुदत पाच महिन्यांवर आली आहे. येथे आम्हांस आपल्या साखर कामगाराची आठवण होते. गळीत हंगाम पंधरा दिवस आधी आटोपला की कोणाच्या घरी काय होते ते आम्ही पाहिले आहे. परंतु आपल्याकडे हंगामी कामगाराला बंद काळात पगाराचा काही अंश 'रिटेन्शन' म्हणून मिळण्याची रीत आहे. तो मिळविण्यासाठी खेपा घालाव्या लागतात, वर्षानुवर्षे थकतो, हे सर्व खरे; तरी तत्त्व मान्य आहे की यंत्र जसे पावसाळ्यात ग्रीस लावून ठेवतात तसा माणूसही सांभाळावयास हवा. बर्फ कमी झाल्याचा तोटा आज त्या गावांत सर्वांत आधी ज्याच्या खिशातून जातो, त्याच्याजवळ विमा नाही, दुसरा डोंगर नाही. सुट्टीचा कर मोजावयाचा तर आम्ही या भत्त्यासाठी मोजावा म्हणू. नव्या तोफांसाठी नव्हे.

जाणाऱ्याने काय करावे, हे आम्हांस वारंवार विचारतात. सामान विकत न घेता तेथेच भाड्याने घ्यावे, मेणात टिकाऊ विषारी फ्लोरिन नसल्याची खात्री करावी; आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ते २०२३ पासून बाद झाले आहे. आखलेला उतार सोडून रानात शिरू नये. तेथे काळा रानकोंबडा थंडीपासून बचावासाठी बर्फात बीळ करून बसतो. तो दचकून उडाला की एकेका उडण्यात त्याची शिदोरी सरते. हे झाले हाती असलेले. परंतु खोली ठरविण्यापूर्वी मालकाला पत्र लिहून, तुमचे नोकर कोठे राहतात आणि स्थानकावरून यावयास गाडी आहे काय, हे दोन प्रश्न विचारले तर त्याचा उपयोग याहून अधिक होतो. दहा पाहुण्यांनी विचारले की मालक उत्तर शोधू लागतो. टिटलिसला जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही सहल कंपनीला हे विचारावयास हरकत नाही.

शेवटी मेताबिएफ या गावाची हकीकत सांगतो. हे आल्प्समध्ये नसून फ्रान्सच्या जुरा डोंगरात, स्विस सरहद्दीलगत आहे. त्याचा माथा जेमतेम साडेचौदाशे मीटरांचा. नवे पाळणे घ्यावे म्हणून मोठी योजना तयार होती. मग त्यांनी हवामानाचे आकडे नीट तपासले आणि २०२० च्या सुमारास उघड सांगून टाकले की २०३० ते २०३५ च्या दरम्यान येथला स्कीचा धंदा संपेल. नवी खरेदी रद्द करून असलेले पाळणे दुरुस्त करीत तोवर चालवावयाचे आणि त्या अवधीत उन्हाळ्यातील सायकली, पायवाटा, घसरगाडी यांवर गाव उभे करावयाचे, असे ठरले. जुने पाळणे चालते ठेवण्यास फिटर लागतो, तो बर्फ असो वा नसो बाराही महिने लागतो. दुसऱ्या गावांनी तोफा वाढविल्या. या गावाने स्पॅनर हाती घेतला आहे, आणि हंगामी माणसाला पंधरा वर्षे आधी नोटीस दिली आहे.