जाहिरात दिली, गिऱ्हाईक का आले नाही?

जमातीच्या किंवा व्यापारी संघटनेच्या वार्तापत्रात पैसे भरून जाहिरात दिली, पण दुकानाकडे कोणी फिरकले नाही, अशी अनेक छोट्या व्यावसायिकांची तक्रार असते. आधी हिशेब मांडा. समजा, जाहिरातीला २,४०० रुपये लागले आणि एका शेरवानीमागे ३०० रुपये सुटतात. तर नुसता खर्च निघायलाच आठ नवी गिऱ्हाइके हवीत. ‘ईद मुबारक’ आणि दुकानाचे नाव एवढ्यावर ती येत नाहीत. शिलाईचा दर, पत्ता आणि ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख छापा. शिवणकामाची जाहिरात शाबानमध्येच द्यावी. रमजानच्या अखेरीस शिंपी नवे काम घेत नाहीत, मग ती वाया जाते. अंक किती घरांत जातो, तेही विचारा. येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठे वाचले?’ असे विचारून वहीत नोंद ठेवा. आठ नोंदी झाल्या नाहीत, तर पुढचे पैसे भरण्याआधी मजकूर बदला किंवा वार्तापत्र बदला.