द्रुताच्या खाचा

ख्यालाच्या एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. विलंबित कडेला सुरू होतो, सुई आत आत सरकते, लय चढते आणि द्रुतातल्या ताना लेबलाजवळच्या खाचांत येऊन पडतात. रेकॉर्डची सगळ्यात अवघड जागा हीच. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते तेव्हा कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते, अगदी आत जेमतेम वीस सेंटीमीटर. तोच स्वर तिथे निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. सुई धरणारे कार्ट्रिज जरा तिरके बसले असेल तर विलंबित निर्मळ ऐकू येतो आणि शेवटची तान फाटते. ऐकणारा दोष गळ्याला देतो, नाहीतर रेकॉर्ड झिजली म्हणतो.

नृसिंहवाडीच्या परिसरात हा दोष जिव्हारी लागावा असाच आहे, कारण हा ख्यालगायकांचा मुलूख. पंचगंगेपलीकडच्या कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. वाडीच्या दत्तजयंतीत चेहऱ्याजवळ फटाका फुटला, त्यांची दृष्टी अधू झाली, आणि पुढे ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यात आहे. कोल्हापूरच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. या टापूतल्या माणसाने माळ्यावरचा प्लेअर उतरवून दुरुस्त करून घेतला, तर त्यावर आधी काय लागेल हे वेगळे सांगायला नको.

अडचणीचे मूळ साधे आहे. मूळ तबकडी कोरणारी सुई कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत सरकते. घरातल्या प्लेअरचा आर्म एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे त्याची सुई कंसात फिरते. कोरताना जो कोन होता तो वाजवताना सतत बदलत राहतो. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ सालीच, चावीच्या ग्रामोफोनच्या काळात, यावर लिहिले होते. उपाय दोन निघाले : आर्म मध्यबिंदूच्या थोडा पलीकडे पोहोचेल इतका लांब ठेवायचा, आणि कार्ट्रिज आत वळवून बसवायचे. नऊ इंची आर्मला हा पुढावा बहुधा १५ ते १८ मिलिमीटर असतो. मग संपूर्ण बाजूवर दोन जागा अशा मिळतात, जिथे चूक शून्य होते.

स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी १९३८ साली दाखवले की खरी हानी नुसत्या कोनाने ठरत नाही. कोनातली चूक भागिले खाचेची त्रिज्या, हे तिचे माप. एका अंशाची चूक कडेला खपते, लेबलाजवळ तीच दुपटीहून जास्त बोचते. बेअरवाल्ड यांनी १९४१ साली मांडलेल्या पद्धतीने शून्याच्या जागा मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. कार्ट्रिजचा कोन जुळवायचे बहुतेक प्रोट्रॅक्टर आजही हेच आकडे छापतात. जे. के. स्टीव्हन्सन यांनी १९६६ साली आतली जागा ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ शेवटच्या खाचेवर नेली. त्यात मधल्या पट्ट्यात चूक थोडी वाढते, म्हणून पुष्कळ जण ही पद्धत नापसंत करतात. पण ज्या संगीताचा कळस शेवटी असतो त्याला स्टीव्हन्सनच योग्य. मध्ये किंचित सोसावे आणि द्रुत वाचवावा. ज्याच्या कपाटात निम्म्याहून जास्त ख्याल आहे, त्याने इथे फार घोळ घालू नये.

काम मात्र सबुरीचे. आर्मच्या टोकाच्या हेडशेलला कार्ट्रिज धरणाऱ्या दोन स्क्रूंमध्ये १२.७ मिलिमीटर अंतर असते. मागच्या चार बारीक तारा रंगाने ओळखायच्या : पांढरी आणि निळी डावीकडच्या आवाजाची, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. तार तुटली तर कार्ट्रिजच्या पिनेवर थेट डाग देऊ नये. उष्णता आतल्या नाजूक वायरीपर्यंत पोहोचते. मग वजनकाट्यावर सुईचा भार कंपनीने सांगितल्याएवढा करायचा, बऱ्याच कार्ट्रिजना तो दीड-दोन ग्रॅम असतो. स्क्रू अर्धवट आवळून सुई प्रोट्रॅक्टरच्या ठिपक्यावर ठेवायची आणि रेघांशी जुळवायची ती सुईची बारीक दांडी, कार्ट्रिजचे अंग नव्हे. जुन्या कार्ट्रिजमध्ये ही दांडी पुष्कळदा अंगाशी तिरकी झालेली असते. एक ठिपका जमला की दुसरा हलतो, तो जमवला की पहिला. स्क्रू आवळतानाही सगळे सरकते. अर्ध्या मिलिमीटरचा हा खेळ भिंगाशिवाय होत नाही.

जुन्या आर्मांचे स्वभावही वेगवेगळे. गॅरार्ड ३०१ टर्नटेबलबरोबर अनेकांनी जोडलेल्या एसएमई ३००९ आर्मच्या हेडशेलला फटी नसतात, नुसती भोके. तिथे कार्ट्रिज हलत नाही, आर्मचा अख्खा पाया पुढेमागे सरकवायचा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० ला सोबतच्या साच्याने हेडशेलच्या रबरापासून सुईपर्यंत ५२ मिलिमीटर धरायचे; ही जुळवणी स्टीव्हन्सनच्या विचाराला जवळची आहे.

सुईची जागा दाखवणारे सर्वांत दूरचे चित्र अंतराळात आहे. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड आहे, सोबत कार्ट्रिज आणि सुई. वेष्टनावरच्या आकृतीत सुई सुरुवातीच्या योग्य जागी टेकलेली दाखवली आहे, आणि एका फेऱ्याला लागणारे ३.६ सेकंद खुणांनी लिहिले आहेत. त्या रेकॉर्डवर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर भैरवी गातात. वाजवणारा कोण असेल हे ठाऊक नसतानाही सुई कुठे ठेवायची ते सांगण्याची काळजी कुणीतरी घेतली.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काढल्या की पुन्हा वेगळा मामला. त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीची १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी जाऊन कचराच वाजवते. म्हणून दुसरे हेडशेल, दुसरे कार्ट्रिज, वेगळा भार आणि प्रोट्रॅक्टर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय अँप्लिफायरचे बटण मोनोवर : या तबकड्यांत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, आणि मोनोवर उभ्या हालचालीची खरखर गळून जाते.