इंग्रजी कागदाची जात ओळखा!

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी दिराच्या कर्जाच्या कागदावर सही केली. “अहो वहिनी, भावजी म्हणाले साक्षीदार म्हणून कर, केली!” कागद बघितला, तर सहीखाली छापलेलं होतं ‘गॅरंटर’. म्हणजे जामीनदार! १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले आणि नोटीस ताईंच्या दारात आली.

मैत्रिणींनो, प्रत्येक इंग्रजी शब्द कळायलाच हवा असं नाही. कागद कशासाठी लिहिलाय, ते आधी ओळखा. जाहिरातीला विकायचं असतं. म्हणून ‘फ्री’ मोठ्या अक्षरात आणि अट तळाशी, चांदणीपुढे बारीक! औषधाच्या बाटलीवर सूचना असतात, छोट्या आणि हुकमी. ‘शेक वेल’ म्हणजे नीट हलवून घ्या. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे फक्त वरून लावा, पोटात घेऊ नका. करारात मात्र लांबलचक वाक्यं आणि आकडे घातलेली कलमं. तिथे दोन शब्द शोधा. ‘मे’ म्हणजे करता येईल, ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल. ‘शॅल’च्या आधी कोणाचं नाव आहे, तेही बघा.

स्वतः कर्ज घेत असाल तर आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक मुदत कर्जाची मुख्य माहिती कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावी लागते. ती मराठीत मागून घ्या.

आणि “वाचून उद्या सही करते,” म्हणायला अजिबात लाजू नका.